खालची कवळी

१

डॉक्टरांना समुद्राचं वावडं होतं आणि मासेमारीचा मनस्वी कंटाळा. पण सासऱ्यांना 'नाही' म्हणायचं धाडस त्यांच्या अंगात कधी आलंच नाही. त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली रे आली, की गाडीच्या टपावर गळाच्या काठ्या बांधायच्या आणि बंदरावरच्या त्या दोन खोल्या गाठायच्या, हे दरवर्षीचं ठरलेलं होतं.

खोल्या एका बर्फाच्या दुकानावर होत्या. खाली सकाळपासून बर्फ फोडल्याचा खटखटाट चालायचा आणि जिन्यात डिझेल, ओला दोरखंड आणि मासळी यांचा मिळून एक पक्का वास मुरलेला होता. पलंगावर नुसती कूस बदलली तरी शेजारच्या खोलीला कळायचं. खिडकी उघडली की खालीच धक्का, आणि धक्क्याला टेकून उभी असलेली कप्तानबाईंची पांढरी होडी. कप्तानबाई हौशी मंडळींना गळाच्या मासेमारीला नेत. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम, आणि डोक्यावर उन्हानं रंग उडालेली हॅट.

डॉक्टर दातांचे होते. सासरे बँडमास्तर. सगळं आयुष्य ट्रम्पेट फुंकण्यात गेलं, आणि म्हातारपणी दात गेले तसं ट्रम्पेट कपाटावर गेलं. साधी शीळही वाजेना. मग जावयानं मोठ्या हौसेनं दोन्ही कवळ्या करून दिल्या. वरची झकास बसली. खालची मात्र बसेना. खालचं हाड झिजून पार सपाट झालेलं, कवळीनं धरायचं तरी कशाला? डॉक्टरांनी ती घासली, भरली, पुन्हा घासली. काही उपयोग नाही.

"जावईबापू," बँडमास्तर म्हणायचे, "वरची कवळी म्हणजे स्वतःचं घर. खालची म्हणजे भाड्याची खोली. मालक कधी बाहेर काढेल, नेम नाही!"

हा विनोद ते घरी करत, लग्नकार्यात करत, आणि एकदा तर दवाखान्यात वाट बघत बसलेल्या पेशंटांसमोरही करून झाला होता. डॉक्टर सगळ्यांबरोबर हसत. पण आत कुठेतरी ते लागायचं. सासूबाई गेल्यापासून म्हातारा पेजेवर आणि दुधात भिजवलेल्या पावावर जगत होता. गालफडं बसली होती.

"अख्ख्या गावाचे दात बसवतोस," बायको एकदा चिडून म्हणाली होती, "आणि माझ्या बापाचे तेवढे बसत नाहीत."

२

शनिवारी जवळच्या पाण्यात जायचं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांबलचक पट्टा आहे. तिथे पाणी कमरेएवढं आणि इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. वारा पडलेला, ऊन कोवळं. कप्तानबाईंनी नांगर टाकला आणि थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून दिला. बायको टोपी डोळ्यांवर ओढून आडवी झाली. डॉक्टर गळ टाकून, मासा लागू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत बसले.

बँडमास्तरांच्या काठीला मात्र असा हिसका बसला की म्हातारा उभाच राहिला.

"आला! आला रे आला! जाळी घ्या, जाळी!"

'जाळी' म्हणताना त्यांनी तोंड एवढं उघडलं की मासा होडीत आला आणि खालची कवळी होडीबाहेर गेली. टुब्बकन एवढासा आवाज झाला. सगळे वाकून बघायला लागले. तळाच्या वाळूवर, गुलाबी-पांढरी, नालाच्या आकाराची कवळी शांतपणे पडली होती आणि वर बघून हसत होती.

"सोडली हो खोली!" बँडमास्तर बोबड्या आवाजात ओरडले, आणि मग जे हसू फुटलं त्यात कप्तानबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं.

डॉक्टरांनी लांब दांड्याची जाळी खाली घातली. घाईत दांडा वाळूत रुतला, पाणी गढूळ झालं. निवळलं तेव्हा तिथे नुसती वाळू होती.

कवळीनं घासून घासून म्हाताऱ्याच्या हिरडीवर लाल वळ उठला होता. डॉक्टरांमधला डॉक्टर जागा झाला. "बाबा, एवीतेवी समुद्रात आहोत, खाऱ्या पाण्यानं चूळ भरा. हिरडीला बरं वाटेल."

बँडमास्तरांनी ओंजळीनं पाणी घेतलं, गालांत घोळवलं, ट्रम्पेटची फुंकर मारावी तशी चूळ समुद्रात सोडली. "घ्या," ते पाण्याला म्हणाले, "कवळी घेतलीत, आता चवही घ्या."

३

रविवारी खोल पाण्यात. किनारा मागे पुसला गेला, पाणी हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जवळजवळ काळं झालं. होडी एका लयीत वर-खाली व्हायला लागली आणि डॉक्टरांचा नाश्ताही. शेवटी त्यांनी कठडा गाठलाच. मागून सासऱ्यांनी प्रेमानं पाठ थोपटली आणि बादलीतलं समुद्राचं पाणी पुढे केलं. "चूळ भरा, जावईबापू. तुमचंच औषध."

डॉक्टरांनी चूळ भरली, थुंकली, आणि मुकाट्यानं बाकावर बसले.

"इथे तळ किती खोल असेल हो?" बायकोनं कप्तानबाईंना विचारलं.

"तळ मोजायचं आमचं यंत्र केव्हाच गप्प झालंय," कप्तानबाई म्हणाल्या. "खोल म्हणजे खोल."

त्यांनी सगळ्यांच्या गळांना आमिष लावलं, शिशाची वजनं बांधली आणि दोऱ्या सोडल्या. दोऱ्या सुटत राहिल्या. रीळ फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. बायकोला एक तांबडा, मोठ्या डोळ्यांचा मासा लागला. बँडमास्तरांनी त्याहून मोठा काढला आणि एका कवळीनिशी का होईना, विजयाची आरोळी ठोकली.

मग डॉक्टरांची दोरी हलली.

हिसका नव्हता तो. दाराची कडी कुणी हलकेच वाजवावी, तसं काहीतरी. एकदा. मग थोडं थांबून आणखी एकदा.

"ओढा, ओढा!" सगळे ओरडले. डॉक्टर रीळ फिरवायला लागले. दुसऱ्या टोकाला जोर नव्हता, झटापट नव्हती. हात भरून आले तरी दोरी येतच होती. शेवटी गळ पाण्याबाहेर आला. आमिष नव्हतं. त्याच्या जागी, दोन दातांच्या फटीत नेमका आकडा अडकवलेली कवळी लोंबत होती. खालची.

आणि मग होडी उलटेल की काय असं हसू.

"जन्मात पहिल्यांदा काही पकडलं," बायको पोट धरून म्हणाली, "तर आपलंच काम!"

"कालच्या जाळीत राहिली असणार," कप्तानबाई हसू आवरत म्हणाल्या. "जाळीतून दोरीत, दोरीतून गळात. होडीत काय कशात गुंतेल, सांगता येत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. पटण्यासारखं होतं. फक्त एकच अडचण होती. गळाला आमिष लावताना ते स्वतः बघत बसले होते. आणि हातात घेतलेली कवळी गार होती. पाण्यातून काढलेली वस्तू असते तशी नव्हे. इतकी गार, की बोटं बधिर व्हावीत.

"बाबा, थांबा, आधी मी ती नीट उकळून..."

पण बँडमास्तरांनी ती घेतली, पिण्याच्या पाण्याखाली धरली आणि तोंडात टाकली सुद्धा. जबडा उजवीकडे नेला, डावीकडे नेला. दात दोनदा एकमेकांवर आपटले, टक टक.

"जावईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "बसली."

४

दुपारी परत आल्यावर धक्क्यावरच्या खानावळीत म्हाताऱ्यानं तळलेला मासा खाल्ला. भाजलेलं मक्याचं कणीस दाणा दाणा सोलून नव्हे, थेट दातांनी खाल्लं. वर एक सफरचंद घेतलं आणि करकचून चावलं. तो आवाज ऐकून बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मग, बिलाची वाट बघत असताना, बँडमास्तरांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. जुन्या बँडची धून, अख्खी, एकही सूर न निसटता. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, हे कसं काय जमवलंत?" ते जावयाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "समुद्रात टाकायची होती तर आधीच टाकायची ना!"

डॉक्टर हसले. संध्याकाळी, ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा, त्यांनी कवळी बघायला मागितली. सासऱ्यांनी ती नाखुशीनंच काढली. निघताना तिनं बारीकसा आवाज केला, ओली बाटली टेबलावरून उचलताना होतो तसा.

डॉक्टर खिडकीपाशी बसले. खाली बर्फ फुटत होता. त्यांनी चष्मा पुसला, कवळी उलटीसुलटी केली. सगळं तिथल्या तिथे होतं. दातांची रांग तीच, गुलाबी रंग तोच. आतल्या हिरडीच्या बाजूला मात्र त्यांनी कधीच दिलेला नव्हता असा आकार होता. म्हाताऱ्याच्या झिजलेल्या हाडाचा एकूण एक खळगा, एकूण एक उंचवटा त्यात उतरला होता. असा आकार यायचा तर आधी त्या तोंडाचं माप घ्यावं लागतं.

'समुद्राच्या पाण्यात फुगली असेल,' त्यांनी स्वतःला सांगितलं. 'दाबानं वाकली असेल. नशीब, दुसरं काय.'

प्रत्येक कवळीच्या जिभेकडच्या बाजूला ते आपली खूण कोरत. लहानसं वर्तुळ आणि मधे टिंब. खूण होती. बरोबर त्याच जागी. त्यांनी सवयीनं तिच्यावरून नख फिरवलं.

नख आत गेलं नाही. वर चढलं.

खूण कोरलेली नव्हती. ती उठून आली होती. कुणीतरी ती पाहिली होती, ती असायला हवी हे त्याला कळलं होतं, फक्त ती कशी करतात हे कळलं नव्हतं. दवाखान्यात नवीन आलेली पोरं पहिल्या आठवड्यात करतात, तसली चूक.

डॉक्टरांनी कवळी टेबलावर ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ ती आपण हातात धरली होती आणि ती आता कोमट आहे. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी पुन्हा बोट लावलं. टेबलाचा पत्रा गार होता. कवळी कोमटच होती.

"झालं का?" शेजारच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "तोंड कसं ओकंबोकं वाटतंय!"

बायको दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिला खूण दाखवली, खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ही तू केलेली नाहीस."

"नाही."

"मग कोणी केली?"

"तेच तर. तोंडाचं माप घेतल्याशिवाय..." त्यांना कालची चूळ आठवली आणि ते थांबले. चुळीवरून माप घेता येत नाही. हे त्यांनी इतक्या ठामपणे मनाशी म्हटलं की आपण ते म्हटलं याचंच त्यांना नवल वाटलं.

बायकोनं कवळी उचलली. "हे बघ, आई गेल्यापासून बाबा आज पहिल्यांदा पोटभर जेवलेत. शीळ वाजवली त्यांनी. तुला तुझ्या कामाचा अभिमान आहे, मला कळतं. पण हे आत्ता त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस. घरी गेल्यावर दुसरी कर, हवं तर."

'अभिमानाचा प्रश्न नाही,' असं डॉक्टरांना म्हणायचं होतं. पण थोडा अभिमानाचाही होता. त्यांनी कवळी तिला नेऊ दिली.

५

सोमवारी निघण्याआधी शेवटची फेरी, पुन्हा जवळच्या पाण्यात. बँडमास्तर होडीच्या टोकाला बसून शीळ घालत होते, बायको त्या धुनीवर पाय हलवत होती. सकाळ अशी लख्ख, की कुणालाही वाटावं, माणसानं मासेच पकडत राहावं. कप्तानबाईंनी परवाच्याच जागी नांगर टाकला.

डॉक्टर कठड्यावरून वाकून बसले. परवाची कवळी तिथेच असली पाहिजे. ती सापडली की हातात दोन कवळ्या होतील, आणि मग कप्तानबाईंचं 'जाळीतून दोरीत' काही चालणार नाही. न सापडली तर बरंच, असंही त्यांना वाटत होतं.

ती होती. अर्धी वाळूत, एका दातावर चिमुकला शंख चढलेला. घासून घासून पातळ केलेली तिची कड त्यांनी लगेच ओळखली. ती त्यांची स्वतःची होती.

आणि तिच्या शेजारी आणखी काही होतं.

आधी त्यांना शिंपले वाटले. शिंपल्याच्याच रंगाचे, ओळीनं मांडलेले. पहिला नुसताच वाकडा गोळा होता. दुसऱ्याला नालाचा आकार होता, पण दात सगळे एका बाजूला गोळा झालेले. तिसऱ्यावर दात जागच्या जागी, फक्त ते फार होते. पुढच्यात कमी झाले होते. त्याच्या पुढच्याला फिकट गुलाबी छटा आली होती. ओळ जिथे संपत होती तिथे वाळूत एक रिकामा, नालाच्या आकाराचा ठसा होता. तिथली वस्तू उचलून नेली होती.

'शिंपलेच आहेत,' डॉक्टर मनाशी म्हणाले. 'ऊन, लाटांची सावली, आणि माझं डोकं.' वीस वर्षं रोज दात बघणाऱ्याला सगळीकडे दातच दिसणार.

मग त्यांची नजर त्या ठशाच्या पलीकडे गेली. तिथे दुसरी ओळ सुरू झाली होती. गोळा. नाल. आणि तिसरं, बरंच जमत आलेलं. त्यात पुढचा एक दात शेजारच्यावर आडवा चढलेला होता.

बँडमास्तरांचे दात डॉक्टरांनी सरळ रेषेत लावले होते. आडवा दात डॉक्टरांचा स्वतःचा होता. लहानपणापासूनचा, जगाचे दात सरळ करता करता राहून गेलेला. त्यांची जीभ नकळत त्याच्यापाशी गेली. तो जागेवर होता.

"काय दिसतंय रे एवढं?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी जाळी उचलली. सासऱ्यांची जुनी कवळी तेवढी काढायची, म्हाताऱ्याला परत द्यायची, आणि घरी जायचं. जाळी सावकाश खाली गेली. या वेळी त्यांनी घाई केली नाही, पाणी ढवळलं नाही. कड कवळीखाली सरकली. आणि तेवढ्यात दांड्याला वजन आलं.

ओढ नव्हती. कुणी हातातली पिशवी घेऊ बघतं ना, 'द्या, मी घेतो' म्हणत, तसा आदबशीर भार. त्याच वेळी दुसऱ्या ओळीलगतची वाळू हलली. चादरीवरची सुरकुती हातानं सारखी करावी, तशी एक लांब हालचाल तळावरून गेली. जिथून ती सुरू झाली तिथे, वाळूच्या खालून, काहीतरी फिकट क्षणभर उघडं पडलं. रुंद होतं. होडीपेक्षा रुंद. आणि ते डॉक्टरांकडे बघत नव्हतं, एवढंच त्यांना कळलं. ते कामात होतं.

डॉक्टरांनी दांडा सोडून दिला.

"अहो, माझी जाळी!" कप्तानबाई ओरडल्या. जाळी तरंगली नाही. लाकडी दांड्याची असून तरंगली नाही.

"निसटली," डॉक्टर म्हणाले. "नवी घेऊन देतो. आपण परत जाऊया का? मला... पुन्हा मळमळतंय."

"कमरेएवढ्या पाण्यात?" बँडमास्तर खो खो हसले. "जावईबापू, तुम्ही अंघोळीला तरी जाता की नाही?"

मळमळत खरंच होतं. पण डॉक्टरांनी धक्का येईपर्यंत तोंड घट्ट मिटून धरलं. पाण्यात काहीही पडू दिलं नाही.

६

परतीच्या रस्त्यावर सगळ्यांचा मूड झकास होता. बायको गाडी चालवत होती, मागच्या सीटवर बँडमास्तर शेंगदाणे खात होते. एकेक दाणा हवेत उडवून तोंडात झेलत होते, आणि प्रत्येक झेलाला स्वतःच शाबासकी देत होते.

"घरी गेल्यावर कपाटावरचं ट्रम्पेट काढून दे गं," ते लेकीला म्हणाले. "शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव म्हणजे झालं."

बायको इतकी मोकळी हसली की डॉक्टरांना कितीतरी दिवसांपूर्वीची ती आठवली. त्यांनी आरशातून मागे बघितलं. म्हाताऱ्याच्या गालावर चक्क रंग आला होता.

पेट्रोल भरायला गाडी थांबली. बायको उतरली. डॉक्टर मागे वळले.

"बाबा, उद्या दवाखान्यात या. खालची मी नवीन करून देतो."

"का बुवा?"

"ही... ही पक्की नाही. आत्ता जरा काढून द्या बरं, मला बघू द्या."

बँडमास्तरांनी दोन बोटं तोंडात घातली. खटपट केली. मग खांदे उडवून हसले.

"सकाळपासून निघतच नाही. आणि खरं सांगू का जावईबापू, निघावी असं वाटतही नाही."

"तोंड उघडा."

म्हाताऱ्यानं आज्ञाधारकपणे आ केला. डॉक्टरांनी मोबाईलचा दिवा लावला आणि पुढे वाकले. आयुष्यभर त्यांनी ही एकच गोष्ट केली होती. उजेड धरायचा आणि नेमकं बघायचं. त्यांनी कवळीची कड शोधली. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे आले. हिरडी कुठे संपते आणि कवळी कुठे सुरू होते, ते काही केल्या सापडेना. मागच्या बाजूला, जिथे त्यांनी दात लावलेलेच नव्हते, तिथे हिरडीतून एक लहान पांढरं टोक वर येत होतं.

"काय हो, दुखतंय का कुठे?" त्यांनी विचारलं. आवाज आपला वाटेना.

बँडमास्तरांनी आ केलेल्या तोंडानंच मान हलवली. नाही. आणि डोळ्यांनी हसले, अगदी सुखानं.

बायको पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आली. "काय चाललंय तुमचं? सगळं ठीक ना?"

डॉक्टरांनी दिवा बंद केला. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बापाकडे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बाबा, मिटा तोंड."